तळ्याच्या वळणावरचा वेग

सकाळी आठ वाजता सोसायटीत उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांनी एकदम बारीकशी शीळ घातली. रहिवाशांच्या मतांनी ठरलेला रस्त्याचा नवा वेग त्यांनी उतरवून घेतला होता. आता वर्षभर एकही गाडी त्याच्या पुढे जाऊ शकणार नव्हती.

शाल्मलीने फोन पाहिला. तळ्याचं वळण, सत्तर.

मागच्या दिवाळीत त्याच वळणावर तिची सातवीतली मुलगी इरा गेली. तेव्हा अख्खी सोसायटी घरी येऊन बसली होती. "इथे तीसच हवा, वहिनी. मतदान येऊ द्या," असं जो तो म्हणत होता. पुष्कळांच्या डोळ्यांत पाणीही होतं, आणि ते खोटं वाटलं नव्हतं.

"लोक असेच," बूट घालता घालता तिचा नवरा हेमंत म्हणाला. "आपण दोघांनी तीसला दिलं. बाकीच्यांना पाच मिनिटं वाचवायची असतात."

शाल्मलीने बोटाने निकाल खाली सरकवला. कोणी कशाला मत दिलं ते कळत नसे, आकडे मात्र दिसत. सत्तरला एकशे बारा. तीसला एक.

तिने फोन त्याच्यासमोर धरला.

"यंत्राची चूक असेल," तो म्हणाला.

"असेल," शाल्मली म्हणाली. "आज मी येते तुझ्याबरोबर. वळणावर तीसनेच घे."

हेमंतने नकळत घड्याळाकडे पाहिलं.