तिसऱ्यांदा

काकू दाराशी आल्या तेव्हा आत कोणीतरी वाचत होतं.

बाईचाच आवाज. स्वच्छ, न अडखळणारा, कुठे दम लागत नव्हता की खोकला येत नव्हता. काकूंची खुर्ची मात्र रिकामी होती. टेबलावर पुस्तक उघडं होतं, त्याच्यासमोर एका स्टँडला फोन लावलेला होता आणि मुलगी हनुवटी तळव्यावर टेकून ऐकत होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. चार वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते पाच, काकू तिला कायद्याची पुस्तकं वाचून दाखवत होत्या.

"परत," मुलगी म्हणाली. फोनने परिच्छेद पुन्हा वाचला.

"परत."

पुन्हा वाचला. तितक्याच गोडीने.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. सवत म्हणजे काय हे त्या ऐकून होत्या. ती इतकी सपाट आणि खिशात मावणारी असेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

"छान वाचतं ना?" अंध विद्यार्थ्यांच्या त्या संस्थेच्या व्यवस्थापक बाई मागून आल्या. "एआय आहे, काकू. पान समोर धरलं की झालं. गेल्या महिन्यातच देणगीतून असे बारा फोन मिळालेत आपल्याला. आता तुमच्यावरचा भार कमी."

"भार होतो असं मी कधी म्हटलं?"

व्यवस्थापक बाईंना तेवढ्यात पलीकडच्या खोलीत काम निघालं.

काकू आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसल्या, जरा जोरातच. बत्तीस वर्षं त्यांनी बस स्थानकावर घोषणा केल्या होत्या. प्रत्येक घोषणा तीनदा करायची असा नियम होता आणि तिसरी त्यांनी एकदाही गाळली नव्हती. अशा बाईला आपल्या आवाजाचा तोरा असणारच.

"भावना नाही गं तिच्या वाचण्यात," त्या म्हणाल्या.

मुलगी हसली. "काकू, भाडेकराराचा कायदा आहे तो. त्यात कसली भावना?"

"बरं. सराव परीक्षेचं काय झालं?"

"अडुसष्ट पडले."

चार वर्षांत तिने पन्नाशी ओलांडली नव्हती. पेपर तपासणाराच खडूस आहे, असं काकू घरी सगळ्यांना सांगत आल्या होत्या. आता शाबास म्हणायला हवं होतं. त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या.

"सोमवारी खरी परीक्षा," मुलगी म्हणाली. तिने पुस्तक बाजूला सारून फोनसमोर काही कागद धरले. सरांनी हाताने लिहिलेल्या टिपणांची झेरॉक्स होती. फोन दोन शब्द बोलला, चाचरला, मग काहीतरी भलतंच बोलला आणि शेवटी अक्षर लागत नसल्याबद्दल त्याने नम्रपणे माफी मागितली.

काकूंना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण थोडीच.

"आण इकडे. आलीस ना शेवटी माझ्याकडेच?"

त्यांनी पहिलं पान खणखणीत वाचलं. फोनलाही ऐकू जावं असं. पान संपलं तरी मनातली सल काही जाईना.

"खरं सांग," त्या म्हणाल्या, "त्या डबीत असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

मुलगी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"काल एक परिच्छेद मी तिला एकोणीस वेळा वाचायला लावला."

"मग मला सांगायचंस. मी नसता वाचला?"

"वाचला असतात. दोनदा. तिसऱ्यांदा 'परत' म्हटलं की तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवता, काकू. टक् असा आवाज येतो. मग मी 'समजलं' म्हणते."

काकूंना सांगायचं होतं की डोळ्यांना पाणी येतं म्हणून चष्मा काढते. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि हे ऐकणारीचे कान कसे आहेत ते त्यांना आत्ताच कळलं होतं.

"दुसरं पान घेते," त्या एवढंच म्हणाल्या.

पान किचकट होतं. पोटभाडेकरूचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याचा पत्ता लागत नव्हता. वाचता वाचता काकूंनाही काही कळलं नाही.

"परत," मुलगी म्हणाली.

काकूंनी परत वाचलं. पानाच्या शेवटी आल्या. मुलीच्या कपाळावरची आठी तशीच होती.

"समजलं," ती म्हणाली.

काकूंचा हात सवयीने चष्म्याकडे गेला होता. त्यांनी तो नाकावर नीट वर सरकवला.

"एकोणीस वेळा म्हणालीस ना?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचायला घेतलं.