चहाडी न करणारं यंत्र

लेकाने आपल्याला दुकानात आणलंय ते गळ्यात घंटा बांधायलाच, असं शिलाईवाल्या मावशींचं ठाम मत होतं. शिवलेले कपडे घरोघर पोचवायला त्या या वयातही पायी हिंडायच्या, आणि त्या दाराबाहेर पडल्या की लेकाच्या जिवाला घोर लागायचा.

दुकानदाराने दोन यंत्रं पुढे ठेवली. "हे घेतलंत, तर साहेब, तुमच्या आई या क्षणी कुठे आहेत ते तुम्हाला मोबाईलवर दिसेल. हे दुसरं नुसती नोंद ठेवतं. आजी, घरी येऊन तुमच्या मोबाईलला जोडलंत, की दिवसभर कुठेकुठे गेलात ते तुम्हाला नकाशावर दिसेल."

"म्हणजे हे चहाडी करत नाही," मावशी म्हणाल्या. "हेच दे."

"अगं आई, तू वाट चुकलीस तर मला कळणार कसं?"

"शोधायला निघायचं. चांगले धडधाकट पाय देऊन जन्माला घातलंय तुला."

लेक वैतागला. "मग हे घ्यायचं तरी कशाला? एवढं काय लपवायचंय तुला?"

मावशींनी यंत्र उचलून पिशवीत टाकलं.

"काल डॉक्टरीणबाईंचे शिवलेले कपडे सापडेनात म्हणून सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, मावशी, सकाळीच देऊन गेलात की. मला ते सकाळचं जाणं काही केल्या आठवत नाही." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "मी कुठे जाऊन आले ते आधी मला कळू दे. तुला सांगायचं की नाही, ते मी ठरवीन."