दाबलंय

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वडील पहिल्यांदाच आपल्या अँबॅसिडर टॅक्सीच्या स्टिअरिंगमागं बसले होते. ब्रेकमधली हवा काढायला पेडल दाबणारं कुणीतरी लागतंच. मी मागच्या चाकापाशी आडवा झालो, नळीचं एक टोक ब्रेकच्या हवा सोडायच्या निप्पलला लावलं, दुसरं बाटलीत सोडलं. "दाबा, आण्णा!" "दाबलंय." पान्ह्यानं निप्पल सैल केलं. बाटलीत ब्रेकचं तेल नाही, बुडबुडाही नाही. आवळून पुन्हा हाक मारली. "आरं, दाबलंय की! किती येळा सांगू?" नळी तुंबली असेल म्हणून फुंकून पाहिली, साफ होती. शेवटी उठून दारातून डोकावलो. आण्णा डाव्या हातानं उजवी मांडी दाबून घामाघूम झाले होते आणि उजवा पाय पेडलशेजारी लुळा पडला होता. "पायात जोर आला बग," ते हसले. "उद्या वैरागला जायचं भाडं मीच नेतो. तेल आलं का?" मी कोरडी बाटली पाठीमागं धरली. "आलं की, आण्णा."