दहापैकी किती

अकरा वर्षं माझी कंबर ठणकत होती. वेदना दाबायला कण्याजवळ बसवलेल्या तारांत आज पहिल्यांदाच करंट सोडणार होते.

नर्स गुनवोरने रिमोट दाबला. "सांग टोरुन, दहापैकी किती दुखतंय?"

"सहा!"

पडद्यापलीकडच्या खाटेवरून कुणीतरी पुटपुटलं, "चार."

तिने करंट वाढवला. "अगं, तीनच!" मी ओरडले.

"सात," पलीकडे कुणीतरी कण्हलं.

"शून्य! गुनवोर, शून्य! नाचू का मी?"

"दहा!" पलीकडून किंकाळी आली. आवाज माझाच होता.

गुनवोरने रिमोट माझ्या खाटेवर टाकून झटक्यात पडदा सारला. खाट रिकामी होती. चादर मात्र कुणीतरी मुठीत आवळावी तशी चुरगळत होती.

गुनवोर रिमोटकडे धावली.

मी तो आधीच छातीशी धरला होता. "बंद करायचा नाही हं!"