डोहातले निर्धास्त मासे

"काका, किती वेळा सांगायचं, माशांना चुरमुरे टाकू नका!" कालव्याची देखरेख करणारी हेमांगी आता पुरती वैतागली होती.

नदीत उरलेल्या शेवटच्या महाशीर माशांच्या अंगात त्यांची भीती ओळखून यंत्राला कळवणाऱ्या चिप्स बसवल्या होत्या. मासे घाबरले की कालव्याचे दरवाजे आपोआप बंद होत आणि पाणी नदीला सुटे. पण ते राहत त्या देवळामागच्या नदीच्या डोहात गुडघाभर पाणी उरलं, तरी कालवा तुडुंब वाहतच होता.

"देवाचे मासे उपाशी ठेवू?" गुरवकाका म्हणाले.

"अहो, तुमच्या लाडामुळे ते खुशीत, आणि यंत्र म्हणतं सगळं आलबेल! घाबरवा त्यांना, नाहीतर मरतील!"

काकांनी डोहात उतरून कशीबशी काठी उगारली.

एकही मासा पळाला नाही. चुरमुरे पडतील म्हणून सगळे तोंडं उघडून त्यांच्या पायाशी गोळा झाले.