चौथा चौकोन

"घोंगडी घ्यायला आता विमानातनं गिऱ्हाईक येनार म्हनं!" पत्र्याच्या भिंतीपलीकडे जाऊबाई पुटपुटल्या. ती भिंत वाटणीची. पाच वर्षं भावाभावांचं बोलणं बंद, ऐकणं मात्र चालू. इकडे, नगरला कॉम्प्युटर शिकणारी आमची माधुरी वेबसाइटसाठी वहीत चौकोन आखत होती. पहिल्यात हातमागाचा फोटो, दुसऱ्यात लोकरीची माहिती, तिसऱ्यात मापं. "अमेरिकेतल्या मानसाला आपली घोंगडी खरंच दिसंल?" आमचे हे पुन्हापुन्हा विचारत होते. "दिसेल, बाबा. पण आवडली तर त्यानं फोन कुठं करायचा?" चौथा चौकोन रिकामाच राहिला. आळीत फोन एकच, थोरल्या भाऊजींकडे. ह्यांनी पोस्टाचा पत्ता सुचवला, मी बाजारातल्या वाण्याचा नंबर. माधुरीची पेन्सिल थांबली. पलीकडे खुर्ची सरकली. "सहादू," भाऊजी पत्र्याच्या अगदी जवळून म्हणाले, "माझा नंबर टाक. फोन आला की मी तुला हाक मारीन."