बियाण्याचा घेवडा

बाराव्या दाण्यावर ब्लेड ठेवताना अनुपमाबाईंचा हात क्षणभर अडखळला. तोच दाणा सगळ्यांत देखणा होता. लाल ठिपक्यांची साल फुटून पांढरं कोवळं मूळ बाहेर आलं होतं, झोपेतून उठताना लेकरानं पाय ताणावा तसं. पण सातवीचा अख्खा वर्ग टेबलाभोवती वाकून बघत होता. बाईंनी दाणा उभा चिरला, दोन्ही फाका कागदावर उताण्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "हा बघा आतला कोंब. चला, आता जागेवर बसून आकृती काढा."

पोरं जागेवर बसतात न बसतात तोच खिडकीजवळचा सार्थक ओरडला, "बाई, सीमीची आजी आली! आता हाय गंमत!"

चांगुणाबाई दारात उभी होती. पाय चिखलानं भरलेले, काखेत रिकामं मडकं. मडक्याच्या तोंडाचं शेणाचं लिंपण फोडलेलं होतं आणि आतली राख तिच्या कोपरापर्यंत लागली होती. ती शेतातून उठून तशीच आली होती.

"बाई, पावसानं उघडीप दिली, वाफसा झालाय. बांधानं घेवडा टोकावा म्हून मडकं फोडलं, तर आत निस्ती राख. ह्या पोरीनंच काढून वरनं परत लिंपलं असनार; शाळंत बी मागितलं हुतं म्हनं."

सीमा वहीत तोंड खुपसून बसली होती.

"हो आजी, मीच आणायला सांगितलं होतं," अनुपमाबाई म्हणाल्या. "सजीव-निर्जीवाचा धडा चालू आहे. त्याचा प्रयोग होता."

आठ दिवसांपूर्वी ह्याच वर्गात सीमानं बी सजीव असतं म्हणून सांगितलं, तेव्हा पोरं खिदळली होती. चालतं का गं तुझं बी? जेवतं का? ताप येतो का त्याला? तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, आपण सिद्धच करू, घरून चांगलं टपोरं बी आणा. बाकीच्यांनी आयांच्या डब्यातली मटकी आणली, हरभरे आणले. सीमानं घेवडा आणला. एकसारखा, तुकतुकीत. बाईंनी बाकीचं सगळं बाजूला सारून तोच घेतला. खायचं धान्य वेगळं आणि बियाण्याचं वेगळं, हे शिरूरच्या पेठेत वाढलेल्या बाईंना काही ठाऊक नव्हतं असं नाही. विचारायचं तेवढं राहून गेलं.

"चोवीस दानं हुतं," म्हातारी म्हणाली. "त्यातलं ऱ्हायलं किती?"

"बारा उकडले." स्वतःचाच आवाज बाईंना परका वाटला. "उकडलेलं बी उगवत नाही, ते दाखवायला."

"बियान्याचं? उकडलं?"

चांगुणाबाईनं मडकं हळूच खाली ठेवलं. "बाई, एका साली घरात खायाला दाना न्हवता. पोरं वरडायची. तवाबी ह्येला चुलीवर चढू दिलं न्हाई मी. राखंत निजवून ठेवलेलं असतंय त्ये. निजलं म्हंजी मेलं न्हवं."

स्टोव्ह पेटवला त्या दिवशी सीमा टेबलाजवळ येऊन उभी राहिली होती. हळूच म्हणाली होती, बाई, उकडायलाच पायजे का? आणि बाई हसून म्हणाल्या होत्या, अगं वेडे, त्याशिवाय फरक कसा कळणार?

"आन् बाकीचं बारा?"

बाई टेबलापासून बाजूला झाल्या.

कागदावर चिरलेल्या फाका ओळीनं मांडल्या होत्या. म्हातारी वाकली. एक फाक बोटावर घेतली, शेजारची तिला जुळवून बघितली. दोन्ही चिमटीत दाबून धरल्या. चिमूट सोडली, तशा फाका अलग झाल्या.

"मोड आलं हुतं की," ती म्हणाली. "मोडासकट टोकलं असतं तरी चाललं असतं."

"आजी, तुम्ही तासाभरापूर्वी जरी..." बाईंनी जीभ चावली. "मी उद्या येताना शिरूरहून पाकीट घेऊन येते. चांगल्या जातीचा घेवडा मिळतो तिथं."

"आना की. त्योबी यील." चांगुणाबाईनं हाताची राख लुगड्याला पुसली. "माझ्या सासूपासनं समदी आळी आमच्याकडनंच बी न्यायची. कुनाचं मडकं फुटलं, कुनाला कीड लागली, की चांगुणाकडं जा. आता मी कुनाकडं जाऊ, त्ये सांगा."

रागानं नव्हे, खरंच पत्ता विचारावा तसं विचारलं तिनं. अनुपमाबाईंच्या हातात अजून ब्लेड होतं. ते कुठं ठेवावं हे त्यांना सुचेना.

सीमाला हुंदका फुटला. "आज्जे, बाईंनी टपोरं आनायला सांगितलं हुतं. समदी हसत हुती गं मला."

"रडू नगं." म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "द्यायचं तर चांगलंच द्यावं मानसानं. त्यात काय चुकलं तुजं?"

सार्थक खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होता. टोक केव्हाच झालं होतं.

चांगुणाबाईनं मडकं काखेत घेतलं. दारापर्यंत गेली आणि वळली. आवाजात टोमणा नव्हता. काळजी होती, दिलेली वस्तू धड कामाला आली की नाही ह्याची.

"पर बाई, कळलं ना समद्या पोरास्नी?"

"काय, आजी?"

"जितं हुतं म्हून."